समासातलं

लायब्ररीच्या पुस्तकांत मी काही लिहीत नाही.
सबनीस बाई परत घेताना पान न् पान उलटतात,
नोटा मोजाव्यात तशा.
म्हणून किलोवर घेतलेली,
नाना पेठेत खिंवसरांच्या रद्दीतली.
त्यांत लिहिते. बारीक. पेन्सिलीनं.

सुरुवात एका जाडजूड ऐतिहासिक कादंबरीत झाली:
'एवढे घोडे, आणि दाणावैरण कुणीच घालत नाही.'
पुढं तीनशे बाराव्या पानावर तह झाला
आणि मी तिथंच खूण घालून थांबले.
तहानंतर सगळे आपापल्या घरी गेले असतील
अशी माझी समजूत आहे.
उरलेली दोनशे पानं ती मोडायला टपून बसलीयत.

आत्मविश्वासावरचं एक होतं, चकचकीत.
सातव्या पानावर म्हणालं, आरशासमोर उभ्या राहा.
राहिले.
केस कापायला झालेत, एवढं कळलं.
अगदीच फुकट गेलं असं नाही म्हणता येणार.

कुठल्याशा बर्फाळ देशातली अनुवादित कादंबरी,
एकाच माणसाला सात नावं.
चाळिसाव्या पानावर कंटाळून मी त्याला बंडू म्हणायला लागले.
बंडूकडं कोट नव्हता. बंडूनं कर्ज काढलं.
बंडू गेला तेव्हा मी रास्ता पेठेत, वीजबिलाच्या काउंटरवर,
पुस्तक खणात अर्धं उघडं,
आणि डोळे काही केल्या थांबेनात.
समोरचे गृहस्थ दोन हप्ते मागायला आले होते.
म्हणाले, राहू द्या मॅडम, भरतो सगळं.

कवितासंग्रह. पानं अजून जोडलेली.
आत कवीची सही, 'सौ. वहिनींस, सस्नेह.'
वहिनींनी उघडलाच नव्हता.
मी ओट्यावरची सुरी घेतली,
कवितांना कांद्याचा वास लागला.
चार बऱ्या होत्या.
पाचवीपाशी मला काहीच लिहिता आलं नाही,
नुसता एक ठिपका दिला.

रहस्यकथेचं शेवटचं पान फाटलेलं.
अकरा वर्षं माझा संशय डॉक्टरवर.
खरं तर त्याच्याविरुद्ध पुरावा काही नाही.
पण त्या आठवड्यात दादा ससूनमध्ये होता
आणि नव्वदाव्या पानावर
हा डॉक्टर सावकाश चहा पीत होता.

दोनदा वाचलं ते एकच.
मधमाशीपालनाची सरकारी पुस्तिका, पिनांना गंज चढलेली.
एकदा स्वारगेटला, बस येईना म्हणून;
एकदा बसमध्ये, धनकवडी कधी गेली कळलं नाही,
कात्रजला कंडक्टरनं उठवलं.
त्यात एक वाक्य आहे:
राणी थकली की कामकरी माश्या
नवी राणी घडवायला घेतात.
शेजारी मी लिहिलं होतं,
'आमच्याकडं निदान परिपत्रक काढतात.'

मग घराला रंग काढला.
दोन पोती पुस्तकं खिंवसरांकडं परत गेली,
कोणती गेली तेही नीट पाहिलं नाही.

परवा त्यांनीच हाक मारली,
मॅडम, हे तुमच्या लाइनीतलं.
मधमाश्या.
त्याच गंजक्या पिना. माझंच अक्षर.
आणि त्याखाली निळ्या शाईत दुसरं,
मोठं, उजवीकडं कललेलं, थरथरीत:

'आमच्याकडं काही काढत नाहीत.
ताट लवकर वाढतात, एवढंच.'

नाव नाही. तारीख नाही.
बाईचं की पुरुषाचं, तेही सांगता येत नाही.
खिंवसरांनी तराजूत टाकलं, म्हणाले, द्या काय द्यायचं ते.
मी दहाची नोट दिली आणि उगीचच
दुकानात कोण कोण आहे ते बघितलं.

तीन दिवस पेन्सिलीला टोक करतेय.
शाईखाली बोटभर जागा आहे.
'जेवलात का' लिहिलं, खोडलं.
'मीसुद्धा' लिहिलं, ते तर खोटंच.

काही सुचलं की लिहीन
आणि पुस्तिका पुन्हा नाना पेठेत देऊन येईन.
तोवर ती फ्रिजवर आहे,
वर दुधाच्या हिशेबाची वही.